दहा डॉलरची पिशवी : मेक्सिकन बेकरीत पहिल्यांदा जाताना

शिकागोच्या पश्चिमेला चाळीसेक मैलांवर ऑरोरा नावाचं गाव आहे. इकडच्या मराठी माणसाला ते ठाऊक असतं बालाजीच्या देवळामुळे. दर्शन घ्यायचं, कँटीनमध्ये डोसा खायचा आणि गाडी घराकडे वळवायची. आम्हीही कितीतरी वर्षं तेवढंच केलं. गावाच्या मधून फॉक्स नदी वाहते आणि नदीपलीकडच्या पूर्व भागात मोठी मेक्सिकन वस्ती आहे. तिथल्या बेकऱ्यांचा शोध लागायला मात्र आईला सांगलीहून यावं लागलं. देवळातून निघताना मी वळण चुकले, आईने काच खाली केली आणि म्हणाली, “अगं, इथे कुठेतरी पाव भाजतायत.”

त्या दिवसापासून आमची बालाजीची फेरी बेकरीशिवाय पूर्ण होत नाही. ओळखीच्या चार-पाच जणींना घेऊन गेले, तेव्हा लक्षात आलं की पहिल्या खेपेला सगळे त्याच चुका करतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. अमेरिकेत जिथे मेक्सिकन वस्ती आहे तिथे थोड्याफार फरकाने हेच लागू पडेल. शिकागोतल्या पिल्सन आणि लिटल व्हिलेजमध्ये तर नक्कीच.

आधी डोक्यातली ‘मिठाई’ काढा

बेकरीला स्पॅनिशमध्ये ‘पानादेरिया’ म्हणतात आणि तिथल्या गोड पदार्थांना ‘पान दुल्से’. नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याला वाटलं गुलकंद घातलेलं पान मिळतं. पान म्हणजे पाव. आपला ‘पाव’ पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांचा ‘पान’ स्पॅनिश लोकांकडून. दोन्हींचं मूळ लॅटिनमधल्या एकाच शब्दात आहे, म्हणजे शब्दापुरते तरी आपण चुलत घराणं.

हे भाषेचं पाल्हाळ लावायला कारण आहे. पान दुल्से हा गोड पाव आहे; मिठाई नाही आणि केकही नाही. काचेआडचे गुलाबी, पिवळे, चॉकलेटी गोळे बघून माणूस पेढ्या-बर्फीच्या किंवा पेस्ट्रीच्या अपेक्षेने घास घेतो आणि म्हणतो, “कोरडं आहे गं. आणि गोड कुठे आहे?” पण ते तसंच असायला हवं. ते कॉफीत बुडवून खायचं असतं, जसं आपण खारी चहात बुडवतो. बुडवायला त्यांच्याकडे खास क्रियापद आहे, ‘सोपेआर’. कोरडी खारी खाऊन इराणी हॉटेलला नावं ठेवण्यात जेवढा अर्थ, तेवढाच नुसता कोंचा, म्हणजे तिथला बनपावासारखा गोड पाव, खाऊन मेक्सिकन बेकरीला नावं ठेवण्यात.

गहू मेक्सिकोत आणला स्पॅनिश लोकांनी, सोळाव्या शतकात. त्याआधी तिथे मक्याचं राज्य होतं. पुढे १८६० च्या दशकात फ्रेंच फौजा तिथे घुसल्या, आणि त्यानंतर पोर्फिरिओ दियास या अध्यक्षाच्या लांबलेल्या कारकिर्दीत फ्रेंच वस्तूंचं वेडच लागलं. त्यामुळे आज पानादेरियात फ्रेंच पदराचे प्रकार आणि स्पॅनिश भुसभुशीत बिस्किटं शेजारी शेजारी दिसतात. नावं मात्र सगळी अस्सल देशी: शिंपला, कान, चुंबन, डुक्कर.

कधी जायचं आणि किती पैसे न्यायचे

दिवसातून दोन वेळा चांगल्या. एक भल्या सकाळी, कामावर जाणारे लोक कॉफी आणि पाव घ्यायला थांबतात तेव्हा. दुसरी दुपारी तीन ते पाचच्या सुमारास, कारण मेक्सिकन घरात संध्याकाळचं हलकं खाणं म्हणजे बरेचदा पान दुल्से आणि काहीतरी गरम प्यायला. त्या वेळेसाठी पुन्हा भट्टी लागते. रात्री आठला गेलात तर उरलंसुरलं मिळेल. रविवारी सकाळी चर्च सुटल्यावर रांग असते, पण मी तीच वेळ निवडते: गर्दीत माल भराभर संपतो, म्हणून ताजा माल भराभर येतो.

नोटा जवळ ठेवा. काही छोट्या दुकानांत कार्ड चालत नाही, किंवा अमुक रकमेच्या वर चालतं. साधा गोड पाव नगाला साधारण एक ते दोन डॉलर आणि बिनगोडाचा बोलीयो अनेकदा एका डॉलरच्या आत. म्हणजे दहा डॉलरमध्ये चार-पाच गोड नग, तीन-चार बोलीयो आणि चौघांचा चहा निभतो. साखळी कॉफी-दुकानात एवढ्यात एक मफिन आणि एक कॉफी होते. फ्रिजमधले केक, फ्लान, क्रीमचे प्रकार यांचा हिशेब वेगळा. पिशवी महाग होते ती तिथे.

ताट आणि चिमटा

आत शिरलात की आधी ‘ब्वेनास’ म्हणा. सकाळी ‘ब्वेनोस दियास’, दुपारी ‘ब्वेनास तार्देस’, पण नुसतं ‘ब्वेनास’ दिवसभर चालतं. गावाकडच्या दुकानात ‘काय पाहुणं’ ऐकल्याशिवाय व्यवहार सुरू होत नाही, तसंच हे. न बोलता आत जाऊन शेल्फं न्याहाळणारा माणूस तिथे जरा तुसडा दिसतो.

मग दाराजवळ किंवा गल्ल्यापाशी ॲल्युमिनियमच्या गोल ताटांची चळत आणि चिमट्यांचा ढीग दिसेल. ताटाला ‘चारोला’ म्हणतात आणि चिमट्यांना ‘पिन्सास’. माझी एक मैत्रीण दहा मिनिटं काउंटरपाशी उभी होती, कोणी विचारेल म्हणून. कोणी विचारत नाही. ताट डाव्या हातात, चिमटा उजव्या हातात घ्यायचा, काचेचं दार उचलायचं, हवा तो पाव ताटात ठेवायचा, दार पुन्हा लावायचं. काही दुकानांत कोविडनंतर ही पद्धत बंद झाली आणि काउंटरमागची बाई आपण बोट दाखवू ते काढून देते. ताटं दिसली नाहीत तर तसं समजा.

तीन गोष्टी पाळा. उचललेला पाव परत ठेवायचा नाही. हात लावायचा नाही, अगदी पडत असला तरी चिमट्यानेच सावरायचा. आणि चिमटा दाबायचा नाही. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण मऊ आहे का बघायला आपला हात शिवशिवतो. कोंचाच्या पाठीवरचं साखरेचं कवच चिमट्याच्या दाबाने पापडासारखं फुटतं. म्हणून चिमटा पाठीला न लावता बाजूने, पोटाखालून सरकवायचा. घडीव बिस्किटं आधी ताटात घ्या, कोंचा शेवटी आणि एकावर एक न रचता.

पाट्या नसतात. असल्या तरी किंमत लिहिलेली असेलच असं नाही. तिथले बहुतेक लोक हे पाव लहानपणापासून ओळखतात, त्यांना पाटी कशाला हवी? वडापावच्या गाडीवर कुठे लिहिलेलं असतं हा वडा म्हणून.

काय उचलायचं

कोंचा. म्हणजे शिंपला. गोल, बनपावासारखा फुगीर, वर मैदा, साखर आणि स्निग्धाचा जाड थर, त्यावर शिंपल्याच्या रेषा. पांढरा, पिवळा, गुलाबी, तपकिरी. रंगाने फसू नका, गुलाबीला स्ट्रॉबेरीची चव असेल असं मुलांना वाटतं, पण बहुधा चव तीच आणि रंग तेवढा वेगळा. चॉकलेटचा मात्र खरोखर चॉकलेटचा असतो. चांगला कोंचा कसा ओळखायचा? कवचाला भेगा हव्यात, पण ते पावापासून सुटलेलं नको. आणि उचलल्यावर तो हलका लागायला हवा. आकाराच्या मानाने जड लागला तर कालचा किंवा नीट न फुगलेला.

मेक्सिको सिटीत कोंचा मधोमध कापून आत ‘नाता’ भरून देतात. नाता म्हणजे तापवलेल्या दुधावरची साय. हे वाचून मी जागेवरून उठले आणि फ्रिजमधली साय काढली. लहानपणी साय-साखर-पोळी खाल्लेल्या माणसाला यापुढे समजावून सांगायची गरज नाही.

ओरेहा. कान. साखर भुरभुरवलेली पदरांची खारी, दोन्हीकडून गुंडाळून कापलेली. पुण्या-मुंबईच्या बेकऱ्यांत मिळणारं फ्रेंच हार्ट आठवा आणि ते तळहाताएवढं करा. टिकाऊ आहे, प्रवासात न्यायला उत्तम. काम्पेचाना त्याचीच बहीण: पातळ पदर आणि वर साखर वितळून झालेली काचेसारखी तकाकी. खाताना अंगावर चुरा पडतो, गाडीत खाऊ नका.

प्वेर्कितो. आईचं आवडतं. डुकराच्या आकाराचं जाड, मऊसर, तपकिरी बिस्किट. काही दुकानांत ‘मरानितो’ किंवा ‘कोचिनितो’ म्हणतात. आईने ताटाजवळ नाक नेलं आणि म्हणाली, “ह्यात गूळ आहे.” होताच. परंपरेने ते ‘पिलोन्सियो’ घालून करतात, म्हणजे उसाचा रस आटवून शंकूच्या साच्यात घातलेला गूळ. सोबत दालचिनी. अमेरिकेत काही बेकऱ्या त्याऐवजी काकवी वापरतात, पण वास त्याच घराण्यातला. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच नग घ्यायचा तर मी हा सांगेन. जिभेला ओळख लगेच पटते.

पोल्वोरोन म्हणजे त्यांची नानकटाई, तोंडात टाकली की पीठ होणारी, बरेचदा तीन रंगांत. एम्पानादा आपल्या करंजीच्या आकाराची, आत लाल भोपळा, अननस किंवा सफरचंद. भोपळ्याची घ्या. बेसो, चुंबन, म्हणजे जॅमने चिकटवलेले दोन अर्धगोल, वरून साखरेत नाहीतर खोबऱ्यात घोळवलेले. दिसायला सुंदर, खायला मला बेताचे. त्रेस लेचेस, म्हणजे तीन दुधांत भिजवलेला केक, छान असतो, पण तो दहा डॉलरच्या पिशवीत बसत नाही.

आणि मग बोलीयो. गोड नाही, तरी घ्याच. लांबट, टोकं निमुळती, पाठीवर एक चीर, बाहेरून कडक आणि आत कापूस. इराण्याकडचा ब्रून पाव परदेशी गेल्यासारखा. मेक्सिकोत दचकलेल्या माणसाला म्हणतात, एक बोलीयो खा, धसका उतरेल. ‘बोलीयो पारा एल सुस्तो’. भूकंपानंतर तर हा विनोद हमखास ऐकू येतो. मेक्सिको सिटीत लोक सकाळी बोलीयोच्या पोटात चक्क मक्याच्या पिठाचा वाफवलेला तामाल भरून खातात, त्याला ‘ग्वाहोलोता’ म्हणतात. पावात पीठ! हसू नका, वडापावात आपण काय भरतो? मी बोलीयोत बटाटेवडा भरून पाहिला आहे. आतला थोडा मऊ भाग काढून टाकला की वडा नीट बसतो. आणि मिसळीसाठी लादीपावापेक्षा बोलीयो सरस, कारण तर्रीत बुडवल्यावर लगद्यासारखा विरघळत नाही.

चरबी आणि अंडं: इथे घाई करू नका

दुसऱ्याच खेपेला मी आमच्या भिशीसाठी डझनभर नग नेले. एक मैत्रीण कडक शाकाहारी. तिने गुलाबी पोल्वोरोन खाल्ला आणि विचारलं, “किती खुसखुशीत! तूप आहे का गं?” मी ठोकून दिलं, “तूपच असणार, नाहीतर बटर.” पुढच्या वेळी बेकरीत विचारलं तेव्हा गल्ल्यावरची बाई म्हणाली, “मान्तेका.” मला ऐकू आलं ‘मान्तेकिया’, म्हणजे लोणी. मी खूश. घरी येऊन शब्द तपासले तेव्हा घाम फुटला. मेक्सिकन स्पॅनिशमध्ये मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. मैत्रिणीला फोन करून सांगावं लागलं. ती पाच सेकंद गप्प होती, ती पाच सेकंदं मला अजून आठवतात. चूक बेकरीची काडीचीही नव्हती.

तेव्हा नीट समजून घ्या. ‘मान्तेका दे सेर्दो’ ही डुकराची चरबी. ‘मान्तेका वेहेताल’ म्हणजे वनस्पती तूप, आपला डालडा. नुसतं ‘मान्तेका’ असं उत्तर आलं तर दुसरा प्रश्न विचारायचाच: “दे सेर्दो ओ वेहेताल?” आज बऱ्याच बेकऱ्या वनस्पती तूप किंवा मार्गारीन वापरतात, पण जुन्या वळणाच्या बेकरीत पोल्वोरोन आणि एम्पानादात चरबी असणं अगदी स्वाभाविक, खुसखुशीतपणा तिच्यातूनच येतो. पदरांच्या प्रकारांबद्दलही विचारा. आणि एक गंमत पाहा: डुकराच्या आकाराच्या बिस्किटात डुक्कर नसेल आणि शेजारच्या निरागस गुलाबी बिस्किटात असेल. आकारावरून काही ठरवू नका.

“सोय वेहेतारियाना”, पुरुष असाल तर “वेहेतारियानो”, म्हणजे मी शाकाहारी आहे. पण एवढं पुरत नाही. समोरचीला वाटतं मांस नको, आणि पावात मांस कुठे आहे? पदार्थ दाखवून नेमकं विचारा: “येवा मान्तेका दे सेर्दो?” म्हणजे यात डुकराची चरबी आहे का? “येवा वेवो?” म्हणजे अंडं आहे का? अंडं बऱ्याच गोड प्रकारांत असतं, पिठात नसलं तर वरच्या तकाकीत. अंडंही न खाणाऱ्यांसाठी बोलीयोच सर्वांत आशेचा, कारण मुळात तो मैदा, पाणी, यीस्ट आणि मीठ यांचा पाव, तरीही विचारा. कपातली रंगीबेरंगी ‘हेलातिना’ मुलं मागतील, पण ती जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेल्या जिलेटिनची असते.

गल्ल्यावरचीला माहीत नसेल तर ती आत भट्टीवाल्याला ओरडून विचारते. विचारू द्या. संकोच करून घरी पश्चात्ताप करण्यापेक्षा ते बरं.

गल्ल्यापाशी

ताट काउंटरवर ठेवायचं. ती बाई चिमट्याने एकेक नग कागदी पिशवीत टाकते आणि ओठ न हलवता मोजते. आकडा क्वचितच चुकतो. ‘क्वान्तो एस?’ म्हणजे किती झाले. तुम्हाला ‘मीहा’ म्हणून हाक मारली तर दचकू नका, ‘माझी पोर’ असा अर्थ, पुरुषांना ‘मीहो’. आपल्याकडची बाजारातली मावशी ‘काय देऊ बाळा’ म्हणते तसं.

पैसे देण्याआधी एक वाक्य टाकून पाहा: “के सालियो आओरिता?” आत्ता भट्टीतून काय निघालं? याचं उत्तर कधी कधी काचेआड नसतंच, मागच्या खोलीतल्या पत्र्यांवर असतं. एकदा या एका वाक्यावर मला वाफाळते बोलीयो मिळाले होते, पिशवीचा कागद हाताला चटका देत होता.

गल्ल्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले मिसळ नग स्वस्तात ठेवलेले दिसले तर ते कालचे. त्यात वाईट काही नाही. बुडवून खाणार असाल तर उलट बरे.

सणाचे पाव

बाकी वर्षभर हवं तेव्हा जा, पण दोन तारखा लक्षात ठेवा. ६ जानेवारीला ‘रोस्का दे रेयेस’, सुक्या-पाकवलेल्या फळांनी सजवलेलं मोठं कडं. आत लहान बाळाची बाहुली लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल खाऊ घालायचे. मुलांना आधी सांगून ठेवा, बाहुली प्लास्टिकची असते आणि दाताखाली येते.

दुसरा ‘पान दे म्वेर्तो’, १ आणि २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसासाठी. गोल पाव, वर पिठाचीच हाडं आडवी-उभी, संत्र्याचा किंवा बडीशेपेसारखा वास. घरातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोंपुढे तो ठेवतात, भोवती झेंडूची फुलं. आपल्या पितृपक्षाची आठवण होतेच. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, तिथे त्याला ‘सेम्पासूचिल’ म्हणतात. दिवाळी त्याच सुमारास येत असेल तर तोरणासाठीची फुलं मेक्सिकन दुकानात शोधा. आमच्या दाराला गेली तीन वर्षं तिथलीच आहेत.

घरी आणल्यावर

त्याच दिवशी खा. दुसऱ्या दिवशी कोंचा रबरासारखा होतो. उरणार असेल तर संध्याकाळीच घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका आणि खाताना मायक्रोवेव्हमध्ये दहा-पंधरा सेकंद द्या, त्याहून जास्त नको. ओरेहा आणि बिस्किटं डब्यात चार-पाच दिवस सहज राहतात.

त्यांची जोड ‘काफे दे ओया’शी, म्हणजे दालचिनी आणि पिलोन्सियो घालून उकळलेल्या कॉफीशी. घरी करायची तर पातेल्यात पाणी, दालचिनीचा तुकडा, गुळाचा खडा, उकळी आली की जाडसर कॉफी, पाच मिनिटं झाकण आणि गाळणं. आई मात्र आल्याच्या चहावर ठाम आहे. कोंचा बुडवायची तिची रीत मला पटली: पाठीवरचं कवच आधी बोटांनी सोडवून बशीत ठेवायचं, उघडा पाव चहात बुडवून खायचा, आणि कवच शेवटी नुसतं, साखरफुटाण्यासारखं.

बोलीयो कडक झाला तर वरून पाण्याचा हबका मारून ओव्हनमध्ये पाच मिनिटं. मेक्सिकन घरांत लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत शिळ्या बोलीयोंची ‘कापिरोतादा’ करतात, गुळाच्या पाकात भिजवून वर चीज घालून. माझ्या घरी तो तिसऱ्या दिवशी हाताने कुस्करून कांदा, मिरची, शेंगदाण्याच्या फोडणीत जातो. पोळीच्या कुस्कऱ्यासारखंच करायचं, फक्त पाणी थोडं जास्त शिंपडायचं आणि झाकण ठेवायला विसरायचं नाही, नाहीतर कडा दाताला लागतात.